आपल्या भाषेत गायला नियम कशाला?

युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. १९९२ साली स्वीडनच्या माल्मो शहरात स्पर्धा झाली तेव्हा प्रत्येक देशाने स्वतःच्याच भाषेत गायचं, असा सक्त नियम होता. त्या वर्षी पहिला आला आयर्लंड, दुसरा ब्रिटन आणि तिसरा माल्टा. तिन्ही गाणी इंग्रजी. २०२१ साली रॉटरडॅममध्ये स्पर्धा झाली तेव्हा असा कुठलाही नियम नव्हता. ज्याला ज्या भाषेत गायचं त्याने त्या भाषेत गावं. इटली पहिली आली, फ्रान्स दुसरा, स्वित्झर्लंड तिसरा. पहिलं गाणं इटालियन, पुढची दोन फ्रेंच. नियम होता तेव्हा पहिल्या तिघांत इंग्रजीशिवाय काही नव्हतं, आणि नियम गेल्यावर एका वर्षी का होईना, त्याच जागी इंग्रजीचा मागमूस उरला नाही.

दर मे महिन्यात स्पर्धा आली की युरोपात कुणी ना कुणी मागणी करतंच, की स्वभाषेची जुनी सक्ती परत आणा. ज्या तळमळीतून ती मागणी येते ती मलाही वाटते. तीसपस्तीस देश एका मंचावर येतात आणि त्यातले बहुतेक एकाच परक्या भाषेत प्रेमाची, विरहाची, बंडाची गाणी म्हणतात, हे बघवत नाही. पण सक्ती हा त्यावरचा इलाज नाही. तो करून झाला आहे, दोनदा, मिळून जवळजवळ तीस वर्षं, आणि त्याने जे झालं ते नीट पाहिलं तर पुन्हा त्या वाटेला कुणी जाणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांचा संघ १९५० साली स्थापन झाला. युद्धातून उठत असलेल्या खंडात अनेक देशांना एकाच वेळी एकच कार्यक्रम थेट दाखवता येईल का, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. इटलीत सान रेमोचा गीतमहोत्सव १९५१ पासून चालू होता. त्याचा नमुना समोर ठेवून २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला पहिली स्पर्धा झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी, आणि विजेती यजमान देशाचीच लिस असिया. २०२५ साली बाझेलला सदतीस देश होते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ही स्पर्धा सरकारांमध्ये होत नाही. ती इटलीची राय, ब्रिटनची बीबीसी, स्वीडनची एसव्हीटी अशा सार्वजनिक वाहिन्यांमध्ये होते. गाणं कोणतं पाठवायचं, ते कसं निवडायचं, हे ती वाहिनी ठरवते. पुढे मी जबाबदारीची गोष्ट करणार आहे ती या वाहिन्यांची.

सुरुवातीला भाषेचा नियम नव्हता, कारण त्याची गरजच कुणाला भासली नव्हती. आपण आपल्याच भाषेत गाणार, यात सांगायचं काय? १९६५ साली नेपल्सला स्वीडनचा ऑपेरा गायक इंगवार विक्सेल इंग्रजीत गायला आणि कुजबुज सुरू झाली. पुढच्या वर्षापासून राष्ट्रीय भाषेची अट आली. १९७३ साली ती काढली. १९७४ साली ब्रायटनला आब्बा या स्वीडिश पॉप गटाने इंग्रजीतून स्पर्धा जिंकली. तेच गाणं स्वीडनमधल्या निवड फेरीत त्यांनी स्वीडिशमध्ये म्हटलं होतं. पुढच्या वर्षी नेदरलँड्स इंग्रजीतूनच जिंकला, त्याच्या पुढच्या वर्षी खुद्द ब्रिटन. लागोपाठ तीन इंग्रजी विजय झाल्यावर १९७७ साली अट परत आली आणि १९९८ पर्यंत टिकली. (ब्रायटनमध्ये आब्बाला ब्रिटिश परीक्षकांनी एकही गुण दिला नव्हता. इंग्रजीत गायलं म्हणजे इंग्रज भुलतात, असंही नाही.)

या अटीखाली काय झालं? ज्यांची भाषा आधीच मोठी होती त्यांचं फावलं. फ्रेंच भाषा फ्रान्सची, पण मोनाकोची, लक्झेंबर्गची, अर्ध्या बेल्जियमची आणि काही स्वित्झर्लंडचीही. लक्झेंबर्गचंच उदाहरण घ्या. या चिमुकल्या देशाने स्पर्धा पाच वेळा जिंकली, त्यातल्या चार वेळा या अटीच्या आधी किंवा अट असताना, आणि पाचही वेळा फ्रेंचमधून. त्या पाच विजेत्यांपैकी लक्झेंबर्गचं एकही नाही. चौघं फ्रान्सची आणि एक जन्माने ग्रीक, वाढलेली जर्मनीत. लक्झेंबर्गच्या लोकांची घरातली भाषा लक्झेंबर्गिश. ती त्यातल्या एकाही गाण्यात नव्हती. कागदावर अट पाळली गेली, तरी देशाची भाषा मंचाबाहेरच राहिली.

बाकीच्यांतल्या काहींनी पळवाट काढली ती निरर्थक अक्षरांची. स्पेनने १९६८ साली ‘ला ला ला’ म्हणत स्पर्धा जिंकली. स्वीडनने १९८४ साली ज्या ‘डिगी-लू, डिगी-ले’वर बाजी मारली त्या शब्दांना स्वीडिशमध्येही अर्थ नाही. १९९५ साली नॉर्वे जिंकला तो बहुतांशी व्हायोलिनच्या जोरावर. त्या अख्ख्या गाण्यात नॉर्वेजियन शब्द होते २४. ते गाणं सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण भाषेचं रक्षण करायला निघालेल्या नियमाने गीतकाराला शब्दच टाळायला शिकवलं, हे त्या नियमाचं अपयश आहे.

स्पेनच्या त्या १९६८च्या गाण्याची हकिकत तर मुळातून सांगायला हवी. ते म्हणायला आधी जोआन मानुएल सेरात या गायकाची निवड झाली होती. सेरात बार्सिलोनाचा. हे गाणं मी तिथल्या कातालान भाषेत म्हणेन, असं त्याने सांगितलं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कातालानला सार्वजनिक जीवनातून हुसकून लावलेलं होतं. बार्सिलोनाच्या लाखो घरांत ती बोलली जात असली तरी स्पेन म्हणून जगासमोर जायचं ते कॅस्तिलियन स्पॅनिशमध्येच, हा सत्तेचा आग्रह. सेरातला बाजूला केलं, मासिएल या गायिकेला ऐनवेळी बोलावून घेतलं आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती एका गुणाने जिंकली. सेरातच्या वाट्याला पुढे मायदेशातल्या रेडिओ-टीव्हीवरची बंदी आली. युरोव्हिजनच्या मंचावर कातालान ऐकू यायला २००४ साल उजाडावं लागलं, आणि तेही स्पेनकडून नव्हे, शेजारच्या अँडोराकडून.

म्हणून ‘देशाची भाषा’ ही अट मला धोक्याची वाटते. देशाची भाषा कोणती हे ठरवणार कोण? ज्याच्या हाती शिक्का आहे तोच. मग मातृभाषेच्या नावाखाली राजभाषेचं राज्य चालतं, आणि गावाची, डोंगराची, किनाऱ्याची भाषा पुन्हा दाराबाहेर. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांना शाळेत पहिल्या दिवशी जी भाषा भेटते ती त्यांच्या आईची नसते, आणि त्या ठिकाणी वरचढ असते ती आपली मराठी.

आता दुसरी बाजू, कारण १९९९ साली अट काढली गेली त्यालाही कारणं होती आणि ती न्याय्य होती. १९९२ ते १९९६ या पाच वर्षांत आयर्लंडने चार वेळा स्पर्धा जिंकली, १९९७ साली ब्रिटनने. इंग्रजीत गायची मुभा असलेले देश मोजके आणि करंडक त्यांच्याच घरात. फिनलंडची व्यथा याच्या उलट. १९६१ पासून हा देश इमानेइतबारे यायचा आणि गुणतक्त्याच्या तळाशी जाऊन बसायचा. फिनिश भाषेचं युरोपातल्या बहुतेक भाषांशी नातं नाही, त्यामुळे परक्या कानाला तिच्यातला एकही शब्द ओळखीचा लागत नाही. फिनलंडला पहिला विजय मिळाला तो २००६ साली, राक्षसांचे मुखवटे घातलेल्या एका रॉक बँडकडून आणि इंग्रजीतून. पंचेचाळीस वर्षं वाट पाहिलेल्या त्या देशाला ‘तुम्ही इंग्रजीत गायलात, हे चूक’ असं मी म्हणू शकणार नाही.

पण मुभा मिळाल्यावर जे झालं त्याचंही दुःख आहे. तुर्कस्तान २००३ साली इंग्रजीतून पहिल्यांदा जिंकला आणि सगळ्यांनी त्यातून एकच धडा घेतला. बघता बघता एक गाण्यांचा उद्योग उभा राहिला. त्यात गीतकारांची तीच ती मंडळी एकाच मोसमात चार-चार देशांसाठी गाणी लिहू लागली. २०११ साली अझरबैजान जिंकला. गाणं इंग्रजी, लिहिणाऱ्यांत प्रामुख्याने स्वीडिश लोक, आणि बाकूमधल्या माणसाच्या ओठावरचा एक शब्द त्यात नाही. मुघमसारखी गायकी ज्या मातीत शतकानुशतकं मुरली आहे त्या देशाने जगाला ऐकवलेलं गाणं कुठल्याही देशाचं असू शकलं असतं. हा तोटा फक्त अझरबैजानचा नाही. ऐकणाऱ्या सगळ्यांचा आहे.

‘लोकांना कळायला हवं ना!’ हे या साऱ्याचं समर्थन. आपल्याकडेही मराठी गायकाला सतत ऐकावं लागणारं हे वाक्य आहे, फक्त तिथे सुचवलेली भाषा हिंदी असते. यात एक गृहीत धरलेलं आहे, की कळणं म्हणजे शब्द कळणं. युरोव्हिजनचा स्वतःचा इतिहासच ते खोडून काढतो, आणि सगळ्यात ठामपणे पोर्तुगालच्या बाबतीत.

६ एप्रिल १९७४. ज्या रात्री ब्रायटनला आब्बा जिंकली त्याच रात्री पोर्तुगालचा पाउलो द कार्व्हाल्यो त्याच मंचावर पोर्तुगीजमध्ये गायला. एका प्रेमाचा शेवट झाल्यावर मागे उरलेल्या माणसाचं ते गाणं. त्याला मिळाले ३ गुण आणि तो शेवटच्या जागेवर आला, आणखी तीन देशांच्या बरोबरीने. स्पर्धेच्या दृष्टीने विषय संपला. पण त्या महिन्यात पोर्तुगालच्या सैन्यातले तरुण अधिकारी जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही उलथवायच्या तयारीत होते. ठिकठिकाणच्या तुकड्यांना ‘तयार राहा’ असा इशारा एकाच वेळी पोचवायचा होता आणि तो सेन्सॉरच्या नजरेत येऊन चालणार नव्हतं. त्यांनी हे गाणं निवडलं. प्रेमगीत, नुकतंच युरोव्हिजनमध्ये गायलं गेलेलं, रेडिओवर लागलं तर कुणाला शंकाही येणार नाही. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या रेडिओवर ते वाजलं. मध्यरात्रीनंतर दुसरं, बंदी घातलेल्या कवीचं गाणं वाजलं आणि रणगाडे निघाले. सकाळी लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली. हे गाणं इंग्रजीत असतं तर त्याला कदाचित जास्त गुण मिळाले असते. पण पोर्तुगालच्या घराघरांत त्या महिन्यात ते ज्या सहजतेने वाजत होतं, ती सहजता त्याला मिळाली नसती, आणि त्या सहजतेच्याच आडोशाने क्रांतीचा इशारा गेला.

पोर्तुगाल हट्टाने पोर्तुगीजमध्ये गात राहिला आणि हरत राहिला. १९६४ पासून सहाव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही. मग २०१७ साली कीवमध्ये साल्वादोर सोब्राल आला. बाकीच्यांकडे झगमगते पडदे, नर्तकांचे ताफे, वाऱ्याची यंत्रं. सोब्राल मुख्य मंच सोडून प्रेक्षकांच्या मधल्या छोट्या गोल चौथऱ्यावर एकटा उभा राहिला. अंगावर ढगळ कोट, हात हवेत कुठेतरी सूर शोधत असलेले. बहिणीने, लुईझाने, लिहिलेलं ते गाणं जुन्या जॅझच्या चालीने हळूहळू उलगडत जातं, आणि त्यातला नायक म्हणतो की तुझं प्रेम आटलं असेल तर मी दोघांच्या वाटचं करीन. तीन मिनिटं त्या सभागृहातला गोंगाट थांबला होता. परीक्षक आणि प्रेक्षक, दोघांनीही त्याला पहिला क्रमांक दिला. ७५८ गुण, आजवरचा उच्चांक. त्याला मतं देणाऱ्या युरोपात पोर्तुगीज जाणणारे किती?

हे एकटंदुकटं उदाहरण नाही. सर्बिया स्वतंत्र देश म्हणून २००७ साली पहिल्यांदा आला आणि मारिया शेरिफोविच सर्बियनमध्ये गाऊन जिंकली. २०२२ साली युक्रेन युक्रेनियनमध्ये जिंकला. त्या मतांमागे युद्धाची सहानुभूती होती हे खरं, पण आदल्याच वर्षी, युद्ध पेटण्याआधी, युक्रेनच्या लोकगीतावर बेतलेल्या गाण्याला प्रेक्षकांनी दुसरा क्रमांक दिला होता. आणि ज्या फिनिश भाषेबद्दल ‘हिच्यात गाऊन काय होणार’ असं म्हटलं जायचं, तिचं २०२३ साली लिव्हरपूलमध्ये काय झालं ते पाहा. कॅरिया नावाचा गायक, उघड्या अंगावर फुगीर बाह्यांचं झगझगीत हिरवं जाकीट, आठवडाभर राबून मोकळा झालेल्या माणसाचं गाणं, सगळं फिनिशमध्ये. प्रेक्षकांच्या मतांत त्याला ३७६ गुण पडले, विजेत्या, स्वीडनच्या लोरीनला २४३. परीक्षकांच्या गुणांनी लोरीन पुढे गेली. परीक्षकांनी भाषा पाहून गुण दिले असं म्हणणं अन्यायाचं होईल. लोरीनचं गाणं तोलामोलाचंच होतं. पण गुण जाहीर होत असताना सभागृह ज्या गाण्याचे बोल ओरडत होतं ते गाणं फिनिश होतं, आणि ओरडणाऱ्यांत फिनलंडबाहेरचे पुष्कळ होते.

त्यानंतर दोन वर्षांनी स्वीडनने काय पाठवावं? इंग्रजीतून गाण्यात सर्वांत तरबेज झालेल्या या देशाने १९९८ नंतर पहिल्यांदा स्वीडिश गाणं पाठवलं. गाणारे तिघं स्वीडनचेही नव्हते. फिनलंडच्या किनाऱ्यावर स्वीडिश बोलणारा जो छोटा समाज आहे, त्यातले हे वोरो गावचे तरुण, आणि गाणं त्यांच्या गावच्या बोलीच्या ठसक्यात, सौनामध्ये घाम काढण्याबद्दल. स्वीडिश प्रेक्षकांनीच राष्ट्रीय फेरीत त्यांना नामवंतांच्या वर निवडलं. बाझेलला ते चौथे आले. ‘एक देश, एक भाषा’ या मापाने मोजलं तर हे तिघं नेमके कुणाचे, हेच सांगता येणार नाही.

म्हणून इंग्रजीतही कुणी गावं, त्याला माझी हरकत नाही. आयरिश माणसाची रोजची भाषा इंग्रजीच आहे. मोरोक्कोतून आलेल्या आईबापांच्या पोटी स्वीडनमध्ये जन्मलेल्या लोरीनला ‘तुझी भाषा कोणती ते आधी सिद्ध कर’ असं विचारण्याचा अधिकार स्पर्धेच्या नियमपुस्तिकेला नसावा. उद्‍मुर्त आज्यांचं उदाहरण मला या बाबतीत फार आवडतं. रशियातल्या बुरानोवो गावच्या त्या म्हाताऱ्या २०१२ साली बाकूला आल्या, अंगावर गावचे विणलेले कपडे, मंचावर खरोखरीची भट्टी, तिच्यात भाजायला ठेवलेला जिन्नस. कडवी उद्‍मुर्त भाषेत आणि धृपद मोडक्या इंग्रजीत. गावचं चर्च पुन्हा बांधायला पैसे हवेत, एवढी त्यांची अपेक्षा. त्या दुसऱ्या आल्या. काही लाख लोक बोलतात अशी ती भाषा त्या रात्री कोट्यवधींच्या कानावर पडली, आणि तिला हात धरून दारात आणलं ते चार इंग्रजी शब्दांनी. असा संकर होऊ द्यावा.

मग करायचं काय? दोन गोष्टी करता येतील, आणि त्या दोन्ही सार्वजनिक वाहिन्यांच्या हातात आहेत.

पहिली निवडीची. इटली स्वभाषेत गाते ती कुणाच्या धाकाने नव्हे. सान रेमो हा तिचा स्वतःचा, जिवंत, लोकांनी डोक्यावर घेतलेला महोत्सव आहे आणि तिथे इटालियनमध्येच गायचं असतं. तिथून जे निघतं ते युरोव्हिजनला जातं. जिथे वाहिनी बंद खोलीत बसून परदेशी गीतकारांच्या तयार गाण्यांतून एक उचलते, तिथे इंग्रजी आपोआप येते. जिथे आपल्या लोकांसमोर, आपल्या लोकांसाठी गाणं आधी वाजतं, तिथे भाषेला जागा मिळते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीने निदान ही निवड तरी लोकांसमोर करावी.

दुसरी गोष्ट अर्थाची, आणि माझा खरा आग्रह तिच्यासाठी आहे. गाण्याचा अर्थ पडद्यावर दाखवा. नियमानुसार गाणं तीन मिनिटांहून मोठं नसतं, अंतिम फेरीत सव्वीसएक गाणी. म्हणजे सगळा मिळून सव्वा तासाचा मजकूर. गाणी मार्चमध्येच पक्की झालेली असतात, स्पर्धा मे महिन्यात. दोन महिन्यांत प्रत्येक वाहिनीला सव्वीस गीतांचा आपल्या प्रेक्षकांच्या भाषेत नेटका अनुवाद करून घेता येणार नाही, असं कुणी सांगू नये. कवितेची जाण असलेल्या अनुवादकांना हे काम द्यावं, मानधन द्यावं, त्यांचं नाव श्रेयनामावलीत यावं. सोब्रालच्या गाण्यातला तो नायक दोघांच्या वाटचं प्रेम करायला तयार आहे, हे लिथुएनियातल्या प्रेक्षकाला तो गात असतानाच कळलं असतं तर त्या तीन मिनिटांची किंमत आणखी वाढली असती. आज बहुतेकांना ते दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर शोधून कळतं, किंवा कळतच नाही.

२०२३ पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं. त्यामुळे पुण्या-नागपुरातल्या रसिकाचंही मत आता या निकालात मिसळतं. सिडनी-मेलबर्नच्या मराठी मंडळींना तर ऑस्ट्रेलिया २०१५ पासून स्पर्धेत असल्याने तिथल्या मतदानातून तसा वाव मिळालाच आहे. मतदार जितके दूरदूरचे, तितकं इंग्रजीकडे झुकण्याचं आमिष मोठं, आणि तितकीच अनुवादाची गरज मोठी. प्रसारण संघाला नियम करायचाच असेल तर त्याने तो गायकासाठी करू नये, वाहिन्यांसाठी करावा: भाग घ्यायचा असेल तर इतर सर्व देशांच्या गाण्यांचा अर्थ आपल्या प्रेक्षकांना त्यांच्या भाषेत, गाणं चालू असताना, पडद्यावर वाचायला मिळालाच पाहिजे.